सकाळची झोप आणि न्यूयॉर्कचे घड्याळ

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातील गावात घरी राहून तुम्ही आठ महिन्यांपासून एका सॉफ्टवेअरच्या सपोर्टचे काम करता. तुमचे वरिष्ठ न्यूयॉर्कला आहेत, दोन सहकारी पुण्याला आहेत आणि मोठे ग्राहक सिडनीचे आहेत. संध्याकाळी साडेसहाला तुमचे काम सुरू होते आणि रात्री अडीचला संपते. गेल्या महिनाभरात दोन कामे हुकली. ‘गुरुवार, १२ एएम, ईएसटी’ असे लिहून आलेल्या देखभालीच्या कामाला तुम्ही शुक्रवारी सकाळी साडेदहाला हजर झालात, तेव्हा ते आदल्या दिवशीच उरकले होते. पुढे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सिडनीच्या मीटिंगला गजर वाजूनही तुम्हाला जाग आली नाही. वडील पहाटे साडेचारला उठून गोठ्यात जातात आणि दिवस डोक्यावर येईपर्यंत झोपणाऱ्याचे असेच व्हायचे, असे म्हणतात. आता तुम्हालाही ते पटू लागले आहे, म्हणून पहाटे पाचला उठणारा माणूस कसे व्हावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि दोन्हींचा दोष तुमच्या झोपेवर टाकला गेला आहे. पहिले काम हुकले ते हिशेबाने. त्या सकाळी तुम्ही जागे होता, कामाला बसलाही होता. दुसरे काम हुकले ते वेळापत्रकाने, कारण रात्री अडीचपर्यंत काम केलेल्या माणसाची सकाळी साडेसहाला पुन्हा हजेरी लावली गेली होती. पहाटे पाचला उठण्याची सवय अंगी असती तरी पहिले काम हुकलेच असते, आणि दुसऱ्या वेळी तुम्ही दोन तासांच्या झोपेवर ग्राहकाशी बोलला असता. म्हणून आधी हिशेब आणि मग झोप, या क्रमाने लिहिते.

मी कोणत्या अनुभवावरून बोलते आहे तेही सांगायला हवे. मी २००९ साली नागपुरात वैद्यकीय ट्रान्स्क्रिप्शनच्या रात्रपाळीत लागले. अमेरिकेतील डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टंकित करण्याचे ते काम होते. २०१६ पासून वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातील सासरच्या गावातून काम करते आणि गेली काही वर्षे चार देशांतील अकरा जणांच्या कामाच्या वेळा लावणे ही माझी मुख्य जबाबदारी आहे. मी डॉक्टर नाही. झोपेविषयी जे लिहीन ते वाचून, स्वतःवर अनुभवून आणि सहकाऱ्यांचे पाहून लिहीन. त्यातील कितपत तुम्हाला लागू पडेल हे तुम्हाला वेगळी खोली आहे का, शेतीत तुमचा किती हात लागतो आणि वरिष्ठ किती ऐकून घेणारे आहेत, यावर अवलंबून राहील.

गुरुवारच्या कामापासून सुरुवात करू. मध्यरात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, म्हणून ‘गुरुवार १२ एएम’ म्हणजे बुधवारची रात्र संपून गुरुवार सुरू होतो तो क्षण. तुम्ही ती गुरुवारची रात्र समजलात. आपल्याकडे ही चूक फार जणांकडून होते आणि तिला कारण आहे. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. गावात कोणी ‘मंगळवारी रात्री दोन वाजता पाऊस आला’ असे म्हटले, तर त्याच्या मनात बुधवार नसतो, कारण अजून उजाडलेले नसते. लहानपणापासून ज्याने असाच वार मोजला, त्याला मध्यरात्रीनंतरची प्रत्येक वेळ आदल्या दिवसाची वाटते. माझ्या चमूत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि कोणत्याही निरोपात ‘रात्री बारा’ लिहू देत नाही. ११:५९ किंवा १२:०१ लिहिले की वाराविषयी शंका उरत नाही.

आता राहिला एक तास. ईएसटी ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची प्रमाण वेळ, म्हणजे हिवाळ्यात चालणारी वेळ, आणि ती आपल्या साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा त्या वेळेला ईडीटी म्हणतात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. परंतु तेथील पुष्कळ लोक सवयीने बाराही महिने ईएसटीच लिहितात. लिहून आलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवून तुम्ही साडेदहा तास धरले; काम मात्र तेथील उन्हाळ्यातील वेळेने, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी सकाळी साडेनऊला होते. एक दिवस वाराच्या मोजणीत गेला आणि एक तास त्या तीन अक्षरांत. म्हणून संक्षेपावर कधीही विसंबू नका. सीएसटी शिकागोकडच्या वेळेलाही म्हणतात आणि चीनच्या वेळेलाही. आयएसटी आपली आहे, तशी आयर्लंडची आणि इस्रायलचीही आहे. अशा वेळी मी एका ओळीत उलट विचारते: ‘न्यूयॉर्क शहरात त्या दिवशी घड्याळात किती वाजले असतील?’ शहराचे नाव घेतले की समोरच्यालाही थांबून विचार करावा लागतो.

ही शिस्त मला एका चुकीने लागली. २०११ साली शिकागोकडील एका रुग्णालयाच्या लोकांशी दर सोमवारी त्यांच्या सकाळी दहा वाजता फोनवर बोलणे असे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. ७ नोव्हेंबरच्या सोमवारी मी साडेआठला फोन लावून बसले. पलीकडे कोणी नव्हते, केवळ वाट पाहण्याचे संगीत वाजत होते. मी वहीच्या समासात दर पाच मिनिटांनी पेन्सिलने एक रेघ ओढत गेले. आठ रेघा झाल्यावर फोन ठेवला आणि डबा खायला गेले. साडेनऊला ते सगळे आले आणि मी नव्हते. आदल्या दिवशी, ६ नोव्हेंबरच्या रविवारी, तेथील घड्याळे एक तास मागे गेली होती. मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे गैरहजेरी लागली होती. चाळीस मिनिटे वाट पाहून लागलेली ती गैरहजेरी मला फार लागली, आणि ती वही मी अजून ठेवली आहे.

तेव्हापासून मी तासांचा फरक पाठ करणे सोडले आणि घड्याळे बदलण्याच्या तारखा पाठ केल्या. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्च आणि १ नोव्हेंबरला, तर युरोपचा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबरला आहे. म्हणजे मार्चमध्ये तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एक आठवडा असा येतो की लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांचा होतो. ज्यांचे काम या दोन्हीकडे आहे त्यांच्या मीटिंगा नेमक्या याच आठवड्यांत हुकतात. सिडनी आणि मेलबर्न दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे सगळे उलटे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. जपान, सिंगापूर आणि दुबई येथे घड्याळे वर्षभर जागची हलत नाहीत. आपलेही हलत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याचे हलू शकते हे आपल्या ध्यानात येत नाही.

एके काळी आपल्याकडेही हा गोंधळ होता. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहराने स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. आजही आमच्या आर्वीकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या बारापेक्षा सरासरीने सुमारे १७ मिनिटे उशिरा. घड्याळाची वेळ हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. तो कोणत्या गावाशी केला आहे, एवढेच प्रत्येक मीटिंगच्या बाबतीत आपल्याला माहीत असावे लागते.

यातूनच कॅलेंडरचा नियम निघतो, आणि माझ्या मते तुमचा अर्धा त्रास याने संपेल. निमंत्रण आले की बहुतेक जण वेळ डोक्यात बदलून घेतात आणि आपल्या फोनमध्ये भारतीय वेळेची नोंद करतात. एकदाच व्हायच्या कामाला हे चालते, दर आठवड्याच्या मीटिंगला चालत नाही. ती मीटिंग ज्या शहराच्या घड्याळाने चालते त्या शहराची वेळ निवडूनच नोंद करा. फोनमधील कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन निवडण्याची सोय असते. मग तेथील घड्याळ सरकले की तुमची नोंद आपोआप सरकते. जे निमंत्रण तुम्हीच पाठवणार असाल, त्यात दोन्हीकडचा वार, तारीख आणि वेळ लिहा. उदाहरणार्थ: ‘गुरुवार, २० ऑगस्ट, सकाळी ९:३१ भारतीय वेळ, न्यूयॉर्कमध्ये गुरुवार, २० ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर १२:०१’. लिहायला अर्धे मिनिट जास्त लागते, परंतु दोघांपैकी एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते.

माझ्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळे आहेत, आर्वीच्या बाजारातून आणलेली, अगदी साधी, काट्यांची. डावीकडच्याखाली ‘घर’ आणि उजवीकडच्याखाली ‘न्यूयॉर्क’ अशी पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. फोनमध्ये सगळे दिसते, मग हे कशासाठी, असे मला विचारतात. वर्षातून दोनदा मी स्टुलावर चढून उजवीकडचे घड्याळ स्वतःच्या हाताने एक तास पुढे-मागे करते. फोन हे गुपचूप करतो. हाताने केले की त्या दिवशी मन हिशेबाला बसते, कोणाकोणाला कळवायचे ते आठवते. आणखी एक उपयोग असा झाला की घरच्यांना ते घड्याळ वाचता येऊ लागले. साडेसात-आठला सासूबाई दारातून डोकावून म्हणतात, “त्यायचा तं आता चाय व्हाचा असन,” आणि जेवायला चल म्हणून हाक मारायची की नाही ते त्याच ठरवतात.

हिशेबाचे थोडक्यात एवढेच: संक्षेपाऐवजी शहराचे नाव घ्यावे, रात्री बारा हा आकडा टाळावा, नोंद मूळ शहराच्या वेळेने करावी आणि घड्याळे बदलण्याचे रविवार लक्षात ठेवावेत. आता झोपेकडे येते, कारण तेथे तुमच्या मनाला अपराधीपणा लागला आहे.

मेंदूत डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे मुख्य घड्याळ ते. असे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते हे उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांचे हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असते आणि रोजचा उजेड ते जुळवून घेतो. कोणाचे लवकर चालते, कोणाचे उशिरा. यात काही भाग जन्मजात असतो आणि काही वयाचा. साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालते आणि पुढे वयाबरोबर हळूहळू अलीकडे येते. तुमच्या वडिलांना साडेचारला आपोआप जाग येते यात त्यांची आयुष्यभराची मेहनत आहेच, पण त्यांचे वयही आहे. तुम्ही २६ वर्षांचे आहात. त्यांच्या वयात तुम्हालाही आजच्यापेक्षा लवकर जाग येण्याची पुष्कळ शक्यता आहे.

आपल्या भागात लवकर उठणे ही चांगुलपणाची खूण मानली जाते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे सामुदायिक ध्यान पहाटेचे आणि सेवाग्राम आश्रमाचा दिवसही उजाडण्यापूर्वीच्या प्रार्थनेने सुरू होणारा. या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीत निजणे आधी आले आहे, आणि तुमचे काम रात्री अडीचला संपते. रात्री साडेतीनला झोपून सकाळी साडेदहाला उठणारा माणूस सातच तास झोपलेला असतो. नऊला झोपून चारला उठणाराही सातच तास झोपतो. तुम्ही आळशी नाही, एवढे तरी या आकड्यांवरून स्वतःला सांगा.

पाचला उठण्याचा जो निश्चय तुम्ही करणार आहात, तो सध्याच्या स्थितीत उलटा लागू होऊ शकतो. झोपेत शरीराचे तापमान सर्वांत खाली येते तो क्षण, आपल्याला आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी येतो. त्यानंतर मिळालेला उजेड शरीराचे घड्याळ अलीकडे ओढतो आणि त्यापूर्वी मिळालेला उजेड ते आणखी उशिराकडे ढकलतो. तुम्हाला आपोआप जाग साडेदहाला येते, म्हणजे तुमचा हा क्षण साडेआठच्या सुमारास असणार. पहाटे पाचला उठून तुम्ही शेतात गेलात, तर सहा-सातचे ऊन तुमच्या शरीराला पहाटेचे न वाटता मध्यरात्रीचे वाटेल, आणि त्या रात्री झोप आणखी उशिरा येईल. माझ्या चमूतील एका मुलाने एकदा असे दहा दिवस करून पाहिले आणि शेवटी त्याला रात्रीही झोप लागेना आणि दिवसाही. पुढे कधी हे काम सोडून दिवसाच्या नोकरीत जाल, तेव्हा उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटे अलीकडे घ्या आणि उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर राहा. घरातील दिव्याच्या कितीतरी पट उजेड अंगणात असतो, ढगाळ दिवशीसुद्धा.

तोपर्यंत तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे ते झोपेचे ठाणे पक्के करणे. आठवड्याचे सातही दिवस, सुटी असो वा नसो, किमान चार तास असे असावेत की ज्या वेळी तुम्ही झोपलेलेच असाल. तुमच्या बाबतीत मी सकाळी सहा ते दहा धरीन, मंगळवार तेवढा अपवाद. त्याचे पुढे लिहिते. पुष्कळ मुले शनिवार-रविवारी घरच्यांसाठी म्हणून सहाला उठतात आणि सोमवारी पुन्हा साडेदहावर जातात. मनाला बरे वाटते, पण दर आठवड्याला शरीराला साडेचार तासांचा फरक असलेल्या देशात जाऊन आल्यासारखा प्रवास घडतो. रात्री बारानंतर चहा घेऊ नका, कारण त्यातील कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही शरीरात असतो. आणि रात्रभर काम करून सकाळी कोणाला एसटीला सोडायला मोटारसायकल काढू नका. ही विनंती मी सर्वांत कळकळीने करते. तुमची दोन कामे हुकली त्याची भरपाई होईल, डुलकीत गेलेल्या एका क्षणाची होत नाही.

झोपायची खोली हा आपल्याकडचा खरा अडसर. पुण्यात लिहिलेल्या सल्ल्यांत जाड पडदे लावा असे असते. दारव्ह्याला मे महिन्यात टिनाच्या छताखाली नऊ वाजताच भट्टी पेटते, तेथे पडदा काय करणार! शक्य असेल तर जुन्या घराच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू खोलीत झोपा, उत्तरेकडच्या असेल तर उत्तम. टिनच असेल तर छतावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा थर टाका; आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यात याने जेवढा फरक पडला तेवढा कूलरनेही पडला नव्हता, कारण वीज गेली की कूलर थांबतो, थर थांबत नाही. खिडकीला गोणपाटाच्या आतून काळे कापड शिवून घ्या. कानात कापूस घालण्यापेक्षा पंख्याचा एकसारखा आवाज बरा. त्यात भांडी घासल्याचा आवाज बुडून जातो.

घरच्यांना समजावणे याहून कठीण वाटते, पण आपल्या गावाला रात्रीचे काम नवीन नाही. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी टॉर्च घेऊन ओलिताला जातो, आणि पीक उभे असताना रानडुकरांसाठी जागल करतो. मी २०१६ साली सासरी राहून काम करू लागले तेव्हा सासूबाई मला साडेपाचला सड्यासाठी उठवत. मी महिनाभर उठले, आणि त्या महिन्यात टंकलेखनात औषधाच्या मात्रेची एक चूक माझ्याकडून जाता जाता राहिली. तपासणाऱ्या ताईंनी पकडली म्हणून बरे. त्या दिवशी मी सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगितले की माझे काम म्हणजे रोजची जागल आहे, राखण शेताची नसून कागदांची आहे, एवढाच फरक. सासऱ्यांनी हरभऱ्यात माळ्यावर कितीतरी रात्री काढल्या होत्या. ते सासूबाईंना म्हणाले, “जागलीवरून आलेल्या मानसाले कोनी उठवते काय?” त्यानंतर मला कोणी उठवले नाही. सड्याऐवजी संध्याकाळचा दिवा आणि रात्रीच्या भाकरी मी माझ्याकडे घेतल्या, कारण घरात आपला वाटा दिसला पाहिजे. तुम्हीही वडिलांना नोकरीचे इंग्रजी नाव सांगत बसू नका. एक रात्र त्यांना तुमच्या शेजारी बारापर्यंत बसवा, कामाचे फोन येताना पाहू द्या, आणि दुपारचे एखादे काम, चाऱ्याचे म्हणा की बाजाराचे, कायमचे तुमच्या नावावर घ्या.

एक गोष्ट दडवून ठेवणे बरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचार करून २०१९ सालीही, रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. घाबरून नोकरी सोडण्यासाठी मी हे सांगत नाही. झोपेला दुय्यम मानू नये आणि हे काम किती वर्षे करायचे याचा विचार मनात असावा, एवढ्यासाठी सांगते. पूर्ण झोप होऊनही दिवसभर पेंग येत असेल, घोरताना श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील किंवा मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने झोपेची गोळी आणू नका.

आता मंगळवारच्या मीटिंगकडे. मी तुमचे वेळापत्रक लावत असते तर ही मीटिंग तुम्हाला दिलीच नसती. पुण्याच्या दोघांपैकी जो आपोआप सहाला उठतो त्याला दिली असती आणि त्याच्या बदल्यात त्याचे एखादे रात्रीचे काम तुमच्याकडे आणले असते. वरिष्ठांना असेच सुचवा. ‘मला सकाळी उठता येत नाही’ असे लिहू नका. ‘माझे काम अडीचला संपते आणि चार तासांनी ही मीटिंग आहे’ असे लिहा, कारण दूर बसलेल्या माणसाला तुमची रात्र दिसत नाही. ते शक्य नसेल तर सोमवारची पाळी मध्यरात्रीनंतर साडेबारालाच संपवण्याची परवानगी मागा आणि एक ते पावणेसहा झोपा. तेही जमले नाही, तर झोपेचे दोन तुकडे करा: सोमवारी दुपारी दीड तास, मग अडीचनंतर लगेच पावणेसहापर्यंत, आणि मीटिंग संपताच उन्हात न हिंडता पुन्हा अकरापर्यंत. उठल्यावर बोलण्यापूर्वी निदान पाऊण तास असू द्या, कारण अर्धवट झोपेतून उठल्यावर पहिली वीस-तीस मिनिटे डोके नीट चालत नाही, आणि ग्राहकाला ते आवाजावरून कळते.

नोव्हेंबरचीही आतापासून नोंद करा. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कचे घड्याळ मागे आले की तुमचे काम संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन रात्री साडेतीनला संपेल. तेव्हा आधीचे चार दिवस झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटे पुढे न्या, म्हणजे धक्का बसणार नाही. ऐन कापूस वेचणीचा तो काळ असतो, म्हणून घरीही तसे आधी सांगून ठेवा.

परंतु त्याआधी सिडनी येते. तेथील घड्याळे ४ ऑक्टोबरला एक तास पुढे जातील आणि त्यांच्या सकाळी अकराची मीटिंग आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेपाचला येईल. आजच फोनमधील कॅलेंडर उघडून ६ ऑक्टोबरचा मंगळवार पाहा. तेथे साडेपाच दिसत असेल, तर नोंद सिडनीच्या वेळेने झालेली आहे आणि वरिष्ठांशी बोलायला तुमच्याकडे चांगले कारण आहे. साडेसहाच दिसत असेल, तर मीटिंग कोणत्या शहराच्या घड्याळाने चालते, हे आज रात्री कामावर बसताच विचारून घ्या.